परदेशातील संशोधन-इंटर्नशिप संपवताना आणि परतीआधी दूरच्या नातेवाइकांकडे जाताना

परदेशातील उन्हाळी संशोधन-इंटर्नशिप ठरावीक मुदतीची असते. कॅनडातील मायटॅक्स ग्लोबलिंक १२ आठवड्यांची, अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेची सर्फ १० आठवड्यांची, तर भारतीय विद्यार्थ्यांना जर्मनीत नेणारी, डाड या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची वाइज शिष्यवृत्ती दोन ते तीन महिन्यांची. अर्ज कसा करावा, प्राध्यापकांना पहिला ईमेल कसा लिहावा, सामान काय न्यावे यावर भरपूर सल्ला मिळतो. निघताना काय करावे यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. त्यात अनेकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. त्याच देशात किंवा शेजारच्या देशात आईची चुलत बहीण, वडिलांचे मामेभाऊ किंवा आजीच्या माहेरचे कोणीतरी राहत असते, आणि घरून फोनवर आग्रह सुरू होतो, “एवढ्या लांब गेलीच आहेस, तर त्यांना भेटून ये.”

काम संपवणे आणि नातेवाइकांकडे जाणे या वेगळ्या गोष्टी वाटतात, पण त्या सहज एकमेकींत अडकतात. माझ्या पहिल्या इंटर्नशिपनंतर मी ज्यांच्याकडे गेले, त्यांच्या घरातील माझे पहिले दोन दिवस राहून गेलेला अहवाल लिहिण्यात गेले. मला काम आहे म्हणून ती माणसे स्वतःच्याच घरात हळू आवाजात बोलत होती आणि माझ्या खोलीचे दार अलगद लोटून घेत होती. त्यांनी माझ्यासाठी रजा काढली होती, हे मला तिसऱ्या दिवशी कळले. तेव्हापासून माझे मत पक्के आहे की प्रयोगशाळेचे काम शेवटच्या दिवशी खरोखर संपलेले असावे, म्हणजे नातेवाइकांना आपला वेळ पूर्ण देता येतो. खाली लिहिलेले सगळे त्याच हिशेबाने लिहिले आहे.

आधी दिवस मोजा

नातेवाइकांना तारीख कळवण्याआधी पासपोर्ट उघडून व्हिसा नीट वाचा. युरोपातील शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात, अल्प मुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, आणि त्यांत पोहोचण्याचा व निघण्याचा असे दोन्ही दिवस धरले जातात. ९० दिवस म्हणजे तीन महिने असे समजणे ही नेहमी होणारी चूक आहे. १२ मे रोजी उतरणाऱ्याचा नव्वदावा दिवस ९ ऑगस्टला येतो. तीन महिने धरून ११ ऑगस्टचे तिकीट काढणारा दोन दिवस बेकायदा राहिलेला ठरतो. बारा आठवड्यांची इंटर्नशिप म्हणजे ८४ दिवस. ती १२ मे रोजीच सुरू झाली तर ३ ऑगस्टला संपते आणि नातेवाईक, प्रवास व परतीचे विमान या सगळ्यांसाठी मिळून सहा दिवस हातात राहतात. त्यांतलाही शेवटचा दिवस मोकळा ठेवून विमान ८ ऑगस्टचे घ्यावे, कारण उड्डाण रद्द झाले तर दुसऱ्या दिवशी निघण्याची सोय राहते.

व्हिसाच्या स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी छापलेल्या असतात. एक म्हणजे व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, आणि दुसरी म्हणजे एकूण किती दिवस राहण्याची परवानगी आहे. प्रवास मागेपुढे झाला तरी चालावे म्हणून वैधतेच्या मुदतीत सहसा १५ दिवस जास्तीचे दिलेले असतात, पण त्यामुळे मुक्कामाचे दिवस वाढत नाहीत. या दोहोंपैकी जे आधी संपेल ती तुमची मर्यादा. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन देशांनी प्रवाशांची ये-जा नोंदवणारी संगणकीय यंत्रणा टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, त्यामुळे जादा राहिलेला दिवस शोधण्यासाठी अधिकाऱ्याला आता पासपोर्टवरचे शिक्के मोजत बसावे लागत नाही. ज्यांच्याकडे एखाद्या शेंगेन देशाचा दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा आहे, त्यांचे त्या देशातील दिवस या ९० दिवसांत मोजले जात नाहीत. इतर शेंगेन देशांत फिरताना मात्र १८० दिवसांत ९० दिवसांचा नियम त्यांनाही लागू होतो.

नातेवाईक नेमके कुठे राहतात, यावर पुष्कळ काही ठरते. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपीय संघात नाहीत, पण शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड युरोपीय संघात असूनही शेंगेनमध्ये नाही. ब्रिटन दोन्हींत नाही. म्हणून जर्मनीने दिलेल्या शेंगेन व्हिसावर झुरिकच्या चुलत मामांकडे जाता येते, पण लंडनच्या आत्याकडे जायचे तर भारतीय पासपोर्टवर वेगळा व्हिसा लागतो. शिवाय लंडनहून पुन्हा जर्मनीत येऊन विमान पकडायचे असेल, तर मूळ व्हिसावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची परवानगी असावी लागते. हे पाहिल्याशिवाय तिकिटे काढू नयेत.

अमेरिकेत जे-१ या विनिमय-कार्यक्रमांच्या व्हिसावर गेलेल्यांना कार्यक्रमाची मुदत सांगणाऱ्या डीएस-२०१९ या कागदावर दिलेल्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस मिळतात. हे दिवस आवराआवर आणि प्रवास यांसाठी असतात. त्या काळात इंटर्नशिपचे काम चालू ठेवता येत नाही. प्राध्यापकांनी प्रेमाने “आणखी आठवडाभर थांब” म्हटले तरी आधी कागदावरची तारीख संस्थेकडून वाढवून घ्यावी लागते. याच ३० दिवसांत अमेरिकेबाहेर पाऊल ठेवले तर उरलेल्या दिवसांच्या आधारावर परत आत येता येत नाही. तेव्हा नातेवाईक टोरांटोला असतील तर अमेरिकेतील सगळे आवरून तिकडे जावे आणि घरी परतण्याचे विमान तिथूनच पकडावे. कॅनडाचा व्हिसा भारतीय पासपोर्टधारकांना स्वतंत्र काढावा लागतो, म्हणून त्याचा अर्ज इंटर्नशिपच्या सुरुवातीलाच केलेला बरा.

विमा लोक हमखास विसरतात. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण पूर्ण मुक्कामासाठी दाखवावे लागते. जे-१ साठी प्रत्येक आजारपणामागे किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण लागते, पण ते कार्यक्रमाच्या मुदतीपुरते. संस्थेने काढून दिलेला विमा इंटर्नशिपच्या शेवटच्या तारखेलाच संपत असेल, तर नातेवाइकांकडचे दिवस विम्याविना जातील. तिथे आजारी पडलात तर खर्चाचा आणि धावपळीचा भार त्यांच्यावर येतो, आणि संकोचापोटी ते तो बोलूनही दाखवणार नाहीत. तेवढ्या दिवसांचा विमा वाढवून घ्या.

काम दुसऱ्याच्या हाती सोपवणे

शेवटच्या दोन आठवड्यांत नवा प्रयोग सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोह खूप होतो, कारण यंत्रावर हात बसलेला असतो, आकडे नुकते कुठे जुळायला लागलेले असतात आणि आणखी एक आलेख मिळाला तर सादरीकरण उठून दिसेल असे वाटते. पण अर्धवट नव्या प्रयोगाचा तुमच्यानंतर कोणालाच उपयोग होत नाही. जुना प्रयोग नीट नोंदलेला असेल, तर पुढे येणारा विद्यार्थी तिथून काम सुरू करू शकतो. ज्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने तुम्हाला पहिल्या आठवड्यात स्वतःचे काम बाजूला ठेवून सगळे शिकवले, त्याचा वेळ सत्कारणी लागला की नाही, हे तुमच्या सादरीकरणापेक्षा तुम्ही मागे ठेवलेल्या नोंदींवरूनच कळते.

मला हे उशिरा समजले. एका प्रकाशमापक यंत्राचा अंशशोधनाचा (कॅलिब्रेशनचा) गुणांक, म्हणजे यंत्राने दाखवलेला आकडा दुरुस्त करण्यासाठी लावायची संख्या, मी पिवळ्या चिठ्ठीवर लिहून यंत्राच्या कडेला चिकटवला होता. रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे तो वहीत उतरवावा असे मला कधी वाटलेच नाही. मी परतल्यावर दोन महिन्यांनी ईमेल आला, “जुलैच्या मोजमापांना कोणता गुणांक लावला होता?” यंत्राची साफसफाई होताना चिठ्ठी गेली होती. मला आकड्याचे पहिले दोन अंक आठवत होते, पुढचे आठवत नव्हते. सहा दिवसांची मोजमापे दुसऱ्या कोणाला पुन्हा घ्यावी लागली. म्हणून सगळ्यांना सांगते की शेवटच्या आठवड्यात आपल्या टेबलाभोवती, यंत्रांभोवती आणि फळ्यावर एक फेरी मारा, आणि जे जे चिठ्ठीवर, कोपऱ्यात किंवा केवळ डोक्यात आहे ते वहीत तारखेसह लिहा.

संगणकावरील कामासाठी मुख्य फोल्डरमध्ये साध्या मजकुराची एक माहिती-फाइल ठेवावी. कोणत्या फोल्डरमध्ये काय आहे, मूळ मोजमापे कुठे आहेत, प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने चालवायचे, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती वापरली, प्रत्येक स्तंभातील राशीचे एकक काय आणि कोणती मोजमापे कोणत्या कारणाने वगळली, एवढे त्यात असले पाहिजे. शेवटचा मुद्दा सर्वांत जास्त राहून जातो, आणि नंतर शोधून काढायला तोच सर्वांत अवघड असतो. मूळ मोजमापांच्या फाइलींना कधीही हात लावू नये; त्या केवळ वाचता येतील अशा करून ठेवाव्यात. पायथनमध्ये ज्युपिटर नोटबुक, म्हणजे प्रोग्रॅम तुकड्या-तुकड्यांनी चालवता येणारी फाइल, वापरली असेल तर ती बंद करून, पुन्हा उघडून, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका दमात चालवून पाहा. काम करताना आपण तुकडे उलटसुलट क्रमाने चालवलेले असतात, त्यामुळे आपल्याकडे चालणारी गोष्ट दुसऱ्याकडे चालत नाही.

खरी परीक्षा मात्र निराळी आहे. निघण्याच्या किमान चार दिवस आधी प्रयोगशाळेतील एका सहकाऱ्याला आपल्या खुर्चीत बसवा, माहिती-फाइल त्याच्यापुढे ठेवा आणि तुमचा एक आलेख त्याला पुन्हा तयार करायला सांगा. तुम्ही शेजारी बसायचे, पण बोलायचे नाही. तो जिथे थांबेल, मान वर करेल किंवा “हे कुठून आले?” असे विचारेल, तिथे नोंद अपुरी आहे. मी हे दुसऱ्या इंटर्नशिपमध्ये केले तेव्हा सहकारी पाच ठिकाणी अडला, आणि त्यांपैकी तीन ठिकाणे मला अगदी उघड वाटत होती.

प्रत्यक्ष नमुन्यांचेही तसेच. उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये केवळ तुमच्या नावाची आद्याक्षरे आणि तारीख लिहिलेली डबी ठेवली, तर पुढच्या वेळी फ्रीझर साफ करताना ती टाकून दिली जाते. पदार्थ, तीव्रता, द्रावक, तारीख आणि वहीचे पान एवढे डबीवर हवे, आणि तेही गोठणतापमानाला टिकणाऱ्या लेबलवर, कारण साध्या मार्करची शाई अल्कोहोलच्या एका थेंबाने पुसली जाते. जे ठेवायचे नाही ते प्रयोगशाळेच्या नियमांप्रमाणे घातक कचऱ्याच्या योग्य डब्यात स्वतः टाकून या. कोणताही जैविक नमुना, बियाणे, माती किंवा रसायन आठवण म्हणून सामानात टाकू नये. सीमाशुल्क आणि जैवसुरक्षेचे नियम त्याबाबत कडक असतात आणि त्याचा जाब तुम्हालाच नव्हे, तर प्रयोगशाळेलाही द्यावा लागतो.

प्रयोगवही प्रयोगशाळेची असते, हे अनेकांना शेवटच्या दिवशी कळते. मूळ वही तिथेच ठेवायची. आपल्यासाठी प्रत किंवा माहितीचा काही भाग न्यायचा असेल, तर काय नेता येईल हे मार्गदर्शकांना विचारून त्यांचे उत्तर ईमेलवर घ्या. पेटंटचा अर्ज होणार असेल किंवा उद्योगसंस्थेशी करार असेल, तर काही आकडे बाहेर नेता येत नाहीत. आपल्या महाविद्यालयात अहवाल सादर करावा लागणार असेल, तर त्यात काय छापता येईल हेही त्याच वेळी विचारा.

शोधनिबंधात नाव येणार का, हा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, पण तो निघण्याआधी, समोरासमोर आणि सरळ विचारावा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी सांगितल्या आहेत: कामात भरीव वाटा, निबंध लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, छापण्यापूर्वी अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. इतर अनेक विद्याशाखांतही याच धर्तीवर विचार होतो. यांतली तिसरी अट इंटर्नसाठी अडचणीची ठरते, कारण निबंध वर्षभराने तयार होतो, तोवर विद्यापीठाने दिलेला ईमेल बंद झालेला असतो आणि तुमची संमती घ्यायला कोणी तुम्हाला शोधू शकत नाही. म्हणून कायम राहणारा खासगी ईमेल मार्गदर्शकांना आणि प्रयोगशाळेच्या समन्वयकाला लेखी द्या, आणि संशोधकाची ओळख सांगणारा १६ अंकी ऑर्किड क्रमांक अजून काढला नसेल तर काढा. तो मोफत मिळतो आणि संस्था बदलली तरी बदलत नाही. लेखकत्व मिळणार नसेल आणि आभारात नाव येणार असेल, तर तेही मान्य करायला हरकत नाही. दहा आठवड्यांच्या कामाला पुष्कळदा तेच योग्य असते.

शिफारसपत्राची विनंतीही प्रत्यक्ष भेटूनच करावी. सोबत एका पानावर आपण काय केले, काय अडले आणि ते कसे सोडवले हे लिहून द्यावे, म्हणजे सहा महिन्यांनी पत्र लिहिताना त्यांना नेमके काही आठवेल. इंटर्नशिपच्या आरंभीची व शेवटची तारीख आणि कामाचा विषय असलेले, सही-शिक्क्याचे प्रमाणपत्र हातात घेऊनच निघा. आपल्या महाविद्यालयातील श्रेयांकांसाठी ते लागते आणि नंतर मागवणे जिकिरीचे होते.

खोली, बँक आणि कागद

खोलीची किल्ली देताना मालकासोबत किंवा वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यासोबत खोली पाहून घ्या, छायाचित्रे काढा आणि अनामत रक्कम कोणत्या खात्यात व केव्हा येणार ते लिहून घ्या. ती रक्कम आणि शेवटचे विद्यावेतन जमा होईपर्यंत तिथले बँक खाते बंद करू नका. जर्मनीत पत्त्याची नोंदणी केलेली असेल, तर देश सोडताना ती रद्द करावी लागते, आणि हे काम घर सोडण्याच्या आठवडाभर आधीपासून सोडल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंतच करता येते. नातेवाइकांकडे जाण्याआधी ते उरकलेले बरे. अमेरिकेत जे-१ वर राहिलेल्या विद्यार्थ्याने काही उत्पन्न नसले तरी पुढच्या वर्षी कर खात्याकडे ८८४३ हा फॉर्म पाठवायचा असतो. वेतन मिळाले असेल तर त्याचे विवरण जानेवारीच्या अखेरीपर्यंत आणि शिष्यवृत्तीचे विवरण १५ मार्चपर्यंत निघते, म्हणून संस्थेकडे घरचा पत्ता नोंदवून या.

नातेवाइकांना कळवणे

दूरच्या नातेवाइकांकडे जाताना पहिली अडचण असते ती म्हणजे ते आपले नेमके कोण लागतात, हे आपल्याला माहीत नसते. ‘आजीच्या माहेरचे’ एवढ्यावर भागत नाही. घरातील सर्वांत जाणत्या माणसाला फोन लावा आणि कागद-पेन्सिल घेऊन नाते उतरवून घ्या: कोण कोणाची मुलगी, कोण हयात आहे, कोण नाही, कोणाचे लग्न मोडले, कोणाकडे अलीकडे दुःखद घटना घडली. हा कागद सभ्यतेसाठी लागतो, कारण गेल्या वर्षी वारलेल्या माणसाची खुशाली विचारण्यासारखे अवघड दुसरे काही नाही. त्यांना काय म्हणायचे, तेही याच फोनवर विचारून घ्या. नात्याने आत्या असलेल्या बाईंना सगळे घर ताई म्हणत असेल, तर आपणही तेच म्हणावे.

निरोप आईवडिलांनी दिलेला असला, तरी स्वतः लिहावे, आणि किमान महिनाभर आधी लिहावे. मी पाठवलेला संदेश असा होता: “नमस्कार मावशी. तुमची आई आणि माझी आजी मामेबहिणी. माझी इंटर्नशिप ३ ऑगस्टला संपते आहे. ४ ऑगस्टला दुपारी येऊन ७ ऑगस्टला सकाळी निघावे असे मनात आहे. त्या दिवसांत तुमच्या घरी काही अडचण असेल तर मी जवळच खोली घेऊन राहीन आणि एखाद्या संध्याकाळी भेटायला येईन. तसे मला मोकळेपणाने सांगा. स्टेशनवरून माझी मी येईन.” येण्याची आणि जाण्याची अशा दोन्ही तारखा द्याव्यात. “येते, मग पाहू” असे लिहिले की यजमान पुढच्या पंधरा दिवसांचा कोणताच बेत करू शकत नाहीत. नकार द्यायलाही त्यांना सोपी वाट ठेवावी, कारण घर लहान असू शकते, घरात आजारपण असू शकते, आणि दूरच्या नात्यातील पाहुण्याला नाही म्हणणे कोणालाच जमत नाही.

तीन रात्री पुरेशा आहेत. पहिली संध्याकाळ संकोचात जाते, दुसऱ्या दिवशी बोलणे खुलते, तिसऱ्या दिवशी जुने विषय निघतात. त्यापुढे घराच्या रोजच्या गाड्यावर ताण पडू लागतो. एखादे औषध चालू असेल, काही खाण्याची ॲलर्जी असेल, प्राण्यांची भीती असेल तर आधीच कळवा. जड बॅगा तीन दिवसांसाठी दुसऱ्याच्या घरात पसरू नका. स्टेशनवरची सामान ठेवण्याची सोय किंवा वसतिगृहाची खोली उपयोगी पडते. त्यांचा पत्ता आणि फोन क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा. सीमेवर अधिकाऱ्याने विचारले, तर इंटर्नशिप संपली, आता नातेवाइकांकडे तीन दिवस राहून अमुक तारखेला परत जाणार, एवढे सरळ सांगावे आणि परतीचे तिकीट दाखवावे.

भेट म्हणून काय न्यावे, यावर लोक फार वेळ घालवतात. माझ्या अनुभवात सर्वांत मोलाची ठरली ती जुन्या छायाचित्रांची प्रत. घरच्यांना अल्बम काढायला सांगा आणि ज्या फोटोंत त्यांची माणसे आहेत ते स्कॅन करून मागवा. फोटोच्या दोन्ही बाजू स्कॅन करायला सांगा. मी आजीचा आणि मावशींच्या आईचा एक फोटो छापून नेला होता, आणि मागच्या बाजूचीही प्रत सोबत होती. मावशींनी फोटो हातात घेतला, चष्मा वर सरकवून पाहिला, हसल्या आणि टेबलावर ठेवला. मग त्यांनी मागच्या बाजूची प्रत उचलली. तिच्यावर जांभळ्या शाईत दोन नावे आणि एक तारीख होती. त्या नावांवरून त्यांनी बोट फिरवले आणि म्हणाल्या, “हे आईचं अक्षर. माझ्याकडे तिच्या हातचं काहीच नाहीये.” त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, आणि मीही काही विचारले नाही.

त्यांच्या घरात

घरातील माणसे किती वाजता निघतात, किती वाजता परततात, न्हाणीघर कोणाला केव्हा लागते, किल्ली कुठे असते, हे पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या. ते कामावर किंवा शाळेत असतील तेव्हा तुम्ही बाहेर पडून शहर पाहा. तुम्हाला फिरवून आणणे ही त्यांची जबाबदारी समजू नये. तिकिटांचे आणि बाहेरच्या खर्चाचे पैसे स्वतः द्यावेत, आणि त्यांनी आग्रहाने दिले तर एकदा घ्यावे, दुसऱ्यांदा आपण द्यावे. आपले अंथरूण-पांघरूण आवरणे आणि स्वयंपाकघरात न सांगता मदत करणे एवढ्याने यजमानाचा निम्मा भार हलका होतो.

तुम्ही तिथे काय संशोधन केले, हे ते विचारतीलच. चार साध्या वाक्यांत सांगता येईल असे उत्तर तयार ठेवा: कोणता प्रश्न होता, तो का महत्त्वाचा, तुम्ही प्रत्यक्ष काय केले, काय सापडले. ही वाक्ये मी प्रवासात वहीत लिहून काढली होती, आणि पुढे मुलाखतींत तीच उपयोगी पडली. अप्रकाशित आलेख मात्र घरातही दाखवू नयेत. मार्गदर्शकांना दिलेला शब्द नातेवाइकांसमोरही पाळायचा असतो.

तिथे जन्मलेल्या मुलांना मराठी येत नसेल, तर त्यांच्या आईवडिलांसमोर त्याबद्दल शेरा मारू नये. त्या घरात तो विषय आधी अनेकदा निघालेला असतो आणि दुखरा असतो. मुलांना त्यांच्या भाषेत त्यांच्या आवडीचे विचारा. आपण कोणाचे कोण, हे त्यांना नात्याच्या कागदावर बोट ठेवून दाखवा. माझ्या कागदावर मावशींच्या बारा वर्षांच्या नातवाने स्वतःचे नाव स्वतःच लिहिले, आणि मग माझ्या आजीच्या नावापासून त्याच्या नावापर्यंत रेघ ओढली.

जुन्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर आधी परवानगी घ्या, फोन समोर टेबलावर ठेवा आणि कोणी “हे बंद कर” म्हटले की लगेच बंद करा. प्रश्न लहान आणि ठोस विचारावेत. “तुमचे बालपण कसे होते?” याला उत्तर मिळत नाही, “पहिल्यांदा या देशात उतरलात तेव्हा घ्यायला कोण आले होते?” याला तासाभराचे उत्तर मिळते. कुटुंबातील जुने वाद निघाले तर ऐकून घ्यावे. एका घरचा निरोप दुसऱ्या घरी पोहोचवण्याची जबाबदारी मात्र घेऊ नये. “हे तुम्हीच आईशी बोललात तर तिला बरे वाटेल” असे म्हणून थांबावे. घराची, मुलांची आणि म्हाताऱ्या माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय कुठेही टाकू नयेत.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान भरून दाराशी ठेवा, म्हणजे सकाळची वेळ निरोपाला मिळते. घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी फोन करा आणि आठवडाभरात सविस्तर पत्र लिहा. त्यासोबत त्यांच्याकडे काढलेले फोटो प्रत्येकाखाली नावे घालून पाठवा, आणि नात्याचा कागद नीट उतरवून त्याची प्रत दोन्ही घरांत द्या. प्रयोगशाळेलाही त्याच आठवड्यात एक ईमेल पाठवावा: पोहोचले, माझा कायमचा पत्ता हा, माहिती-फाइलबद्दल काही विचारायचे असल्यास इथे लिहा. मला त्या ईमेलला उत्तर तीन महिन्यांनी आले, आणि त्यात एकच प्रश्न होता. त्याचे उत्तर वहीच्या ४१ व्या पानावर आहे, असे मी कळवले. मावशींचा फोन मात्र दुसऱ्याच दिवशी आला. त्यांना त्या जांभळ्या शाईच्या अक्षरांची आणखी एक प्रत त्यांच्या बहिणीसाठी हवी होती.